सैल टोपणाची नळी

मुरघासाचा आंबूस वास नाकात गेला की आजही माझ्या हातातला घास हातातच राहतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून काढलेली प्रेतं पाहिली आणि तासाभरात डबा उघडून जेवलोही. पोलिसाचं पोट तसं निबर असतं. पण ह्या एका वासापुढे ते हार मानतं, आणि त्याचं कारण आष्टी तालुक्याकडच्या एका ठाण्यात असताना माझ्याकडे आलेलं एक प्रकरण आहे.

ज्यांनी मुरघास पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मका, उसाची वाढी असा हिरवा चारा बारीक कापून खड्ड्यात भरतात, दाबून दाबून त्यातली हवा काढतात आणि वर प्लास्टिक टाकून मातीनं बंद करतात. चारा आत आंबतो, मुरतो आणि पुढे कित्येक महिने टिकतो. दुष्काळी भागात ज्याच्याकडे भरलेला खड्डा आहे, त्याचं जनावर जगतं.

त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. विहिरींचे तळ उघडे पडले होते. ठाण्याच्या पिंपाला आम्ही कुलूप लावलं होतं आणि किल्ली ठाणे अंमलदाराच्या कमरेला असायची. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी टँकरपुढच्या डोकेफोडीच्या. माणसं चिडखोर झाली होती आणि त्यांचा राग कुणावरही निघत होता.

त्या गावात एक सहकारी दूध संस्था होती. तिच्या अध्यक्षांना सगळे अप्पा म्हणत आणि त्यांच्या धाकट्या भावाला तात्या. खरी नावं मी लिहिणार नाही, हीच दोन चालवतो. अप्पा साठीच्या पुढचे, विधुर, तिरसट पण हाताचे स्वच्छ. एकुलती मुलगी पुण्यात दिलेली. तात्या संस्थेचा उपाध्यक्ष. गावाबाहेर संस्थेनं जनावरांची छावणी उघडली होती. ती छावणी आणि तिथले मुरघासाचे तीन खड्डे हा तात्याचा कारभार. चारा मिळायचा तो संस्थेला दूध घालणाऱ्यांनाच, आणि त्यावरून गावात धुसफूस होती.

अप्पांचा एक शौक मात्र गावाला खुपत होता. बऱ्याच वर्षांपूर्वी दूध संस्थांच्या अभ्यास दौऱ्यावर ते हॉलंडला गेले होते. तिथल्या यजमानानं त्यांना सिगारींचा खोका भेट दिला. प्रत्येक सिगार ॲल्युमिनियमच्या नळीत, नळीला फिरकीचं टोपण. अप्पांना त्याचं वेडच लागलं. कुणी परदेशी गेलं की ते तीच मागवत. ठेवायला त्यांनी बीडच्या सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली होती, आतून देवदाराच्या फळ्या लावलेली. झाकणाला ओलावा दाखवणारं काट्याचं छोटं घड्याळ, आणि कोपऱ्यात स्पंज. तो स्पंज आठवड्याला ओला करायचा, कारण आमच्याकडच्या हवेत सिगार उघडी राहिली तर वाळून तडकते. पेटीत ओल राहिली तर ती वर्षानुवर्षं टिकते, आणि लोणच्यासारखी जितकी मुरेल तितकी चांगली होते, असं त्यांचं म्हणणं. ओढायचे मात्र वर्षातून एक-दोन. उरलेला वेळ नुसतं उघडून बघायचं आणि वास घ्यायचा.

त्या स्पंजाला चहाच्या कपाएवढं पाणी लागायचं, तेही बॅटरीत घालतात ते विकतचं. विहिरीच्या खारट पाण्यानं पेटीत बुरशी येते म्हणून. पण गावात बोलणं असं, की माणसाला प्यायला पाणी न्हाई आन् चेरमनच्या चिरुटाला रोज टँकरचं पाणी लागतंय. दुष्काळात असली गोष्ट कुणी तपासून बघत नाही.

असे हे अप्पा उन्हाळ्यात एके दिवशी नाहीसे झाले.

तात्यानं सांगितलं, अप्पा छावणीच्या अनुदानासाठी मुंबईला गेले, मी स्वतः जीपनं नगरच्या रस्त्याला सोडून आलो. आठवडा गेला, अप्पांचा पत्ता नाही. त्या काळी मोबाईल खेड्यात पोचले नव्हते. आधी कुजबूज झाली, मग उघड बोलणं सुरू झालं. संस्थेचा पैसा घेऊन अध्यक्ष पळाला. मग कुणी त्यांना मुंबईत पाहिलं, कुणी हैदराबादला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथे तर गाव फिरलं. ज्यांच्या लग्नकार्यात अप्पा पुढे होऊन उभे राहिले होते, त्यातल्याही काहींनी त्यांच्या बंद घरावर दगड मारले. खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि दारावर कुणीतरी कोळशानं शिव्या लिहिल्या.

मुलगी पुण्याहून आली ती थेट ठाण्यात. तिशी-पस्तिशीची, शिक्षिका. डोळे कोरडे होते.

"साहेब, माझे वडील हरवलेत. तक्रार घ्या."

"तुमचे चुलते म्हणतात मुंबईला गेलेत."

"गाव म्हणतं पळून गेलेत. त्यांचं काय झालं ते मला कळलं पाहिजे. मेले असतील तर तसं सांगा. पण पळाले असं ऐकून मी परत जाणार नाही."

मी मिसिंग दाखल केली. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही माणूस पळालाय असंच वाटत होतं. पुढाऱ्यांचं बेपत्ता होणं आम्ही बरंच पाहिलेलं असतं. वायरलेसवर वर्णन पाठवलं, शेजारच्या जिल्ह्यांना कळवलं. दोन दिवसांत नगरहून निरोप आला. एका बसमध्ये विसरलेली कापडी पिशवी वाहकानं बसस्थानकावर जमा केली होती आणि तिच्यावर दूध संस्थेचा शिक्का होता. पिशवीत दोन शर्ट, धोतर, टॉवेल, विभूतीची वडी आणि सिगारीची एक नळी.

तात्यानं पिशवी लगेच ओळखली. "अप्पाचीच हाय. चिरुट घेतल्याबिगर त्यो कुटं जायाचा न्हाई."

म्हणजे माणूस नगरपर्यंत गेला होता. गावातल्या बोलण्याला पुरावाच मिळाला. त्या संध्याकाळी घरावर आणखी दगड पडले आणि मला दाराशी एक शिपाई बसवावा लागला.

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या खोलीची झडती घेतली. खोलीला कुलूप होतं. दुसरी किल्ली मुलीकडे होती. दोन पंच घेतले. तात्याही दाराशी येऊन उभा राहिला. कपाट, पलंग, देवाचा कोनाडा, सगळं जागच्या जागी. मग मुलीनं ती सागवानी पेटी उघडली. नळ्या रांगेत ठेवलेल्या होत्या, एका जागी खाच रिकामी होती. स्पंज दगडासारखा वाळला होता आणि घड्याळाचा काटा तळाशी टेकला होता. तिनं एका नळीचं टोपण बोटानं हलवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. माझ्याकडे पाहिलं, दाराशी उभ्या असलेल्या चुलत्याकडे पाहिलं आणि पेटी बंद केली. तिथे ती एक शब्द बोलली नाही.

मी ठाण्यात पोचेपर्यंत ती माझ्या आधी तिथे येऊन बसली होती.

"साहेब, नगरची पिशवी बघू द्या."

मुद्देमालातून पिशवी काढली. तिनं नळी हातात घेतली. टोपण नुसत्या अंगठ्यानं वर आलं. आतली सिगार वाळून तडकली होती, वरचं पान सुटून आलं होतं.

"अप्पांनी ही पिशवी भरलेली नाही," ती म्हणाली.

"कशावरून?"

"घरात असताना अप्पा सगळी टोपणं सैल ठेवतात. नळी बंद असली तर पेटीतली ओल आत जात नाही, सिगार मुरत नाही. पण बाहेरगावी जायचं म्हटलं की पहिलं काम टोपणं आवळायचं. मागं पेटीला पाणी कोण देणार? पेटी वाळली तरी बंद नळीत ओल टिकते. सोबत नेतात ती नळी तर दाबून बंद करतात. लहानपणी ते काम माझं होतं. आज पेटीतली सगळी टोपणं सैल होती. ह्या नळीचंही सैल आहे."

"घाईत राहिलं असेल."

ती किंचित हसली, पण ते हसणं बरं वाटण्यासारखं नव्हतं. "आईला सोलापूरला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा जीप दारात उभी होती, आई आत कण्हत होती आणि अप्पा टोपणं आवळत होते. आईनं ते मरेपर्यंत माफ केलं नाही. घाईत विसरणारा तो माणूस नाही, साहेब. त्या दिवशी ते कुठं गेलेच नाहीत."

हे म्हणताना तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. वडील पळाले नाहीत हे तिला पटवून द्यायचं होतं. ते पटवता पटवता आपण काय सिद्ध करतोय, हे तिलाही तिथेच कळलं असावं. मी हवालदाराला पिंप उघडायला सांगितलं आणि तिला पाणी दिलं.

आता पिशवीकडे मी दुसऱ्या नजरेनं पाहिलं. पिशवी भरणाऱ्यानं काम मन लावून केलं होतं. अप्पा लिंगायत, रोज कपाळाला विभूती लावणारे. ती वडी आठवणीनं टाकली होती. चिरुटाशिवाय अप्पा जात नाहीत हेही त्याला माहीत होतं. म्हणजे माणूस अगदी घरोब्यातला. फक्त टोपणांचं त्याला ठाऊक नव्हतं, कारण त्या पेटीकडे त्यानं कधी कौतुकानं पाहिलंच नव्हतं.

तात्याला चौकशीला बोलावलं. पांढरेशुभ्र कपडे, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं गोड. टोपणांबद्दल मी चकार शब्द काढला नाही. साधंच विचारलं, अप्पांनी निघताना काय काय केलं.

"जेवला. कापडं घेतली. माज्या म्होरं पेटी उघडली, येक नळी पिशवीत टाकली, कुलूप घातलं आन् निगालो."

"पेटीला पाणी वगैरे घातलं?"

"घातलं की. आन् म्हनला, चार दिवसांत येतोच."

जबाब जसाच्या तसा लिहून घेतला आणि त्याची सही घेतली. इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय. खरं बोलणारा माणूस मधूनमधून 'माहीत नाही' म्हणतो, 'लक्षात नाही' म्हणतो. बनवून आलेल्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. तात्याकडे सगळी उत्तरं होती. पण त्यावर अटक होत नाही. वरिष्ठांना फोन केला तर ते हसले. "चिरुटाच्या टोपणावरून उपाध्यक्षाला आत घालणार? उद्या मोर्चा येईल ठाण्यावर." त्यांचंही चुकत नव्हतं. प्रेत नाही, हत्यार नाही, साक्षीदार नाही. त्यात तात्या ताकास तूर लागू देत नव्हता.

खबर शेवटी आली ती खबर म्हणून आलीच नाही. एका सकाळी ठाण्यात एक बाई भांडत होती. पन्नाशीची, छावणीत म्हैस घेऊन राहिलेली. ठाणे अंमलदार तिला वाटेला लावत होते. "बाई, चाऱ्याची तक्रार तहसीलला करा. हितं न्हाई."

"तहसीलला गेलते. त्यांनी हितं धाडलं. मपली म्हैस मेली, साह्यब. उपाशी मेली. दोन खड्डे सरले. तिसरा भरलेला हाय, त्यो कावून उघडीत न्हाईत तेवढं इचारा."

मी तिला आत बोलावून बसवलं. "तात्या काय म्हणतात?"

"म्हनतो बुरशी लागली, जनावर खाऊन मरंल. आन् रोज सकाळी सोता टॅक्टर घिऊन त्याच खड्ड्यावर फिरवतो, दाबतो. इख झालेला चारा कुनी दाबतं का, साह्यब? नासला आसंल तर फेकून तरी द्या. गड्यांस्नी बी तिकडं जाऊ देत न्हाई."

"कधीपासून?"

"अप्पा गेल्यापासूनच की. अप्पा आसता तर दोन शिव्या घातल्या आसत्या, पर खड्डा उघडला आसता."

ती गेल्यावर तिसरा खड्डा का उघडत नाहीत ते माझ्या लक्षात आलं. शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराच्याही ते लक्षात आलं होतं. तो खाली बघत म्हणाला, "साहेब, तहसीलदारांना कळवू का?"

गाडलेलं प्रेत उकरायचं तर दंडाधिकाऱ्यासमोरच उकरावं लागतं. तहसीलदार आले, सरकारी डॉक्टर आले, पंच आले. छावणीतली सगळी माणसं भोवती जमली. त्यांना वाटलं, सरकारनं चारा वाटायला खड्डा उघडायला लावलाय. बायका पाट्या घेऊन आल्या होत्या. हे आठवलं की आजही मला अस्वस्थ व्हायला होतं. चारा मिळणार म्हणून माणसं खूश होती आणि त्यांना हटवायचं कसं ते मला कळत नव्हतं. तात्या आला नाही. त्याच्या घरावर मी दोन माणसं आधीच ठेवली होती.

प्लास्टिक काढलं. वास आला, आधी नुसता मुरघासाचा. गड्यांनी दाताळ्यानं चारा ओढायला सुरुवात केली. खड्ड्याच्या एका टोकाला चाऱ्याची वीण मोडलेली दिसत होती, थर तुटलेले होते. तिथे हळूहळू हातानं काढायला लावलं. मग वास बदलला. पुढचा गडी मागे सरला आणि ओकला.

अप्पा बसलेले होते. मांडी घातलेली, पाठ खड्ड्याच्या भिंतीला टेकलेली, हात मांडीवर. डोक्याची एक बाजू चेपलेली. मुरघासाच्या आंबटपणामुळे शरीर डॉक्टरांच्या अपेक्षेपेक्षा कमी बिघडलं होतं. अंगावर घड्याळ नव्हतं, अंगठी नव्हती, चष्मा नव्हता. पण गळ्यात चांदीच्या पेटीतलं इष्टलिंग, लिंगायत कधी अंगावेगळं करत नाहीत ते, तसंच होतं. हवालदारानं टोपी काढली. बायकांच्या हातातल्या पाट्या खाली गेल्या. मुलगी पुढे आली, तिनं गळ्यातलं लिंग पाहिलं आणि मान हलवली. तिनं हंबरडा फोडला नाही, नुसती काठावर बसून राहिली.

तात्याला त्याच दुपारी अटक केली. पहिल्यांदा त्यानं कपाळावर हात मारून घेतला. मग बोट गावाकडे दाखवलं. "दूध घालत न्हाईत त्या लोकांचा राग व्हता अप्पावर. चाऱ्यावरनं भांडनं झालती. त्यातल्याच कुनीतरी मारला आन् आमच्या खड्ड्यात टाकला." गोष्ट अगदीच अशक्य नव्हती. चांगल्या वकिलानं ती उभी केली असती.

अनेकांना वाटतं आम्ही नुसता पट्टा चालवतो. चालवणारेही असतात, नाकारत नाही. पण पट्ट्यानं माणूस काहीही कबूल करतो, आणि मला काहीही नको होतं. मी त्याला समोर बसवून चहा दिला आणि पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारला.

"तात्या, मारणाऱ्यानं प्रेत टाकलं म्हणता. टाकलेलं प्रेत आडवं पडतं. अप्पांना बसवलं कुणी?"

त्यानं कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"मांडी घालून, हात मांडीवर ठेवून. तुमच्यात असं मातीत देतात ना? आडवं ठेवत नाहीत."

मी लगेच पुढचं विचारलं.

"घड्याळ काढलं, अंगठी काढली, चष्मा काढला. लिंगाची पेटी चांदीची होती. ती का ठेवली?"

चहावर साय धरली. मग त्याच्या कपाळावरचे पट्टे घामानं ओघळायला लागले आणि तो इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं.

"त्येला हात न्हाई लागला, साह्यब. त्ये कसं काडनार?"

"आणि बसवलं?"

"आडवा पडला व्हता. बगवंना. आमच्या बापाला बी मीच बसवला व्हता मातीत."

त्यानंतर सगळं बाहेर आलं. तात्या छावणीचा चारा ट्रक भरून बाहेर विकत होता. अप्पांना ते कळलं. त्या संध्याकाळी ते खड्ड्यावर आले आणि म्हणाले, उद्याच्या सभेत सगळ्यांसमोर सांगतो, आणि तिसरा खड्डा सगळ्या गावाला उघडतो, दूध घालणाऱ्याला आणि न घालणाऱ्यालाही. हातापाया पडून भाऊ ऐकेना. तात्याच्या हातात चारा दाबायचं लाकडी धुम्मस होतं. "गावात त्यो देव झाला आसता आन् मी चोर," तो म्हणाला. मग अप्पांच्याच खिशातल्या किल्ल्यांनी त्यानं खोली उघडली, पिशवी भरली, खोली पुन्हा बंद केली, आणि दुसऱ्या दिवशी नगरच्या बसमध्ये पिशवी सोडून आला. खड्ड्यात भाऊ असल्यामुळे तो खड्डा त्याला उघडता येईना, आणि आत हवा जाऊन वास सुटू नये म्हणून रोज ट्रॅक्टर फिरवावा लागे. तोवर छावणीत जनावरं मरत होती.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. म्हणून पंचांसमोर त्याचं निवेदन घेतलं आणि त्यानंच दाखवलेल्या कोरड्या विहिरीतून धुम्मस, घड्याळ, अंगठी, चष्मा आणि किल्ल्यांचा जुडगा काढला. खटला दोन वर्षं चालला. बचावाच्या वकिलानं टोपणांची भरपूर थट्टा केली. मुलीला विचारलं, "बाई, नळीचं टोपण बोलतं का?" ती म्हणाली, "नाही. म्हणून मी बोलतेय." तिनं कोर्टात टोपण फिरवून दाखवलं, सैल म्हणजे किती आणि आवळलेलं म्हणजे किती. तात्याचा सही केलेला जबाब आणि ही साक्ष समोरासमोर ठेवली तेव्हा तो खोटं बोलला हे स्वच्छ दिसत होतं. जन्मठेप झाली.

ह्या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नव्या भरतीतली पोरं विचारतात. माणसाच्या सवयी बघा, असं मी त्यांना सांगतो, आणि ते खरंच आहे. साक्षीदार फिरतो, सवय सहसा फिरत नाही. मारेकऱ्याच्याही सवयी असतात, आणि भावाला मारणाऱ्या हाताला त्याच्या गळ्यातलं लिंग काढवत नाही. पण मला त्याहून जड गेलेली गोष्ट दोषारोपपत्रात नव्हती, आणि ती मी पोरांना सांगत नाही.

पंचनामा झाला, अप्पांना त्यांच्या रीतीनं पुन्हा माती दिली, त्यानंतरची ही गोष्ट. ती म्हैसवाली बाई दोन-चार बायकांना घेऊन ठाण्यात आली. मग म्हणाली, "साह्यब, बोलू नये, पर बोलते. पलीकडल्या टोकाचा चारा चांगला हाय. जनावरं मराया लागलीत. द्याया कुनाला इचारायचं?"

मला आधी संताप आला. मग छावणीतली जनावरं आठवली. नमुने सीलबंद झाले होते. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी पलीकडचा भाग तपासून चालेल म्हणून लिहून दिलं, तहसीलदारांनी परवानगी दिली. कायद्यानं आणखी कुणाला विचारायची गरज नव्हती. तरी मी मुलीकडे गेलो. ती फुटलेल्या खिडकीला पुठ्ठा लावत होती. मी सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं आणि माझ्याबरोबर खड्ड्यावर आली.

रांग लागली होती. दूध घालणारे, न घालणारे, सगळे. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. अप्पा पळाला म्हणणाऱ्यांपैकी एकानंही चुकलं म्हणून म्हटलं नाही, आणि म्हणेल असं तिलाही वाटत नसावं. गुन्हा सिद्ध करण्यासाठी माझ्याकडे कलमं होती. मेलेल्या माणसाला शिव्या दिल्या त्या परत घ्यायला लावणारं कलम मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

"ह्यातल्या काहींनी आमच्या घरावर दगड मारलेत," ती मला म्हणाली. "मला चेहरे माहीत आहेत."

"मग?"

"मग काय. जनावरांनी थोडेच मारलेत? द्या त्यांना. अप्पांनी दिलाच असता. फक्त मला त्यांच्याकडे बघायला सांगू नका."

तिनं रांगेकडे पाठ केली आणि खड्डा रिकामा होईपर्यंत तशीच उन्हात उभी राहिली.